‘गनस्मोक’चे स्मरणभक्त

लहानपणी पाहिलेल्या नाटकाची किंवा बोलपटाची पुष्कळ वर्षांनी पुन्हा गाठ पडली म्हणजे मनुष्याची विवेचक बुद्धी घटकाभर रजेवर जाते. तशी ती गेली म्हणून कोणी दोष देऊ नये. बाळपणाचा आनंद हा काही वादाचा विषय नव्हे. परंतु रजा संपल्यावरही ही बुद्धी कामावर रुजू होत नाही, आणि उलट ‘रजेवर असताना मी दिला तोच खरा निकाल’ असे बजावू लागते, तेव्हा तिला जाब विचारणे प्राप्त होते. अमेरिकेत आज सत्तरीच्या आसपास असलेल्या पिढीचे ‘गनस्मोक’ या दूरचित्रवाणी-मालिकेवरील प्रेम या दुसऱ्या अवस्थेस पोचले आहे.

ज्यांनी ही मालिका पाहिलेली नाही अशा वाचकांसाठी थोडी हकीकत सांगितली पाहिजे. कॅन्सस संस्थानातील डॉज सिटी हे तिचे स्थळ आणि गेल्याच्या गेल्या शतकातील सत्तर-ऐंशीची वर्षे हा तिचा काळ. टेक्सासमधून गुरांचे कळप हाकीत आणणारे काउबॉय तेथील रेल्वे-स्थानकावर गुरे विकीत, हाती आलेला पैसा गुत्त्यांत उधळीत आणि नशेत एकमेकांचे जीव घेत. त्यांना आवरण्यासाठी मॅट डिलन नावाचा एक धिप्पाड मार्शल, त्याचा लंगडा मदतनीस चेस्टर, म्हातारा डॉक्टर अ‍ॅडम्स आणि ‘लाँग ब्रँच’ गुत्त्यातील किटी ही चार माणसे. सीबीएस कंपनीने १० सप्टेंबर १९५५ रोजी ही मालिका सुरू केली आणि १९७५ मध्ये बंद केली. वीस वर्षांत ६३५ भाग झाले. १९५७ ते १९६१ अशी सलग चार वर्षे अमेरिकेत सर्वांत अधिक पाहिली जाणारी मालिका हीच होती. जेम्स आर्नेस याने मार्शलची भूमिका पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत केली. चालू शतकाच्या पहिल्या दशकात तिच्या डीव्हीडी बाजारात येऊ लागल्या, आणि २०२० पर्यंत वीसही सत्रे घरी आणून ओळीने पाहण्याची सोय झाली. एकेका सत्राचे दोन-दोन भाग करून दोनदा किंमत वसूल करण्याची जी युक्ती कंपनीने योजिली, तिच्याविषयी भक्तमंडळींनीही कुरकूर केली. पण पेट्या विकत घेतल्याच.

त्या पेट्या उघडून पाहिल्यानंतर या मंडळींनी जो अभिप्राय देण्याचा परिपाठ ठेवला आहे, त्याच्याशी आमचे भांडण आहे. तो अभिप्राय असा : त्या काळी सारे कसे सरळ होते, चांगला तो चांगला, वाईट तो वाईट, मार्शलने पिस्तूल उपसले की न्याय झाला, मुलाबाळांना घेऊन बसावे आणि चार चांगल्या गोष्टी त्यांच्या कानांवर पडाव्या अशी ती निर्मळ करमणूक होती, आणि ज्या पश्चिम अमेरिकेचे ते चित्र होते तीही तशीच, कमरेला हत्यार लावून आपले रक्षण आपणच करणाऱ्या मर्दांची भूमी होती. आमचे म्हणणे असे की, ही मालिका साधी नव्हती आणि डॉजही तसे नव्हते. पैकी पहिल्या गोष्टीचा पुरावा या मंडळींच्या स्वतःच्या कपाटातच आहे. त्यांनी तो पैसे देऊन विकत घेतला आहे आणि डोळ्यांनी पाहिलाही आहे. तरीसुद्धा त्यांना तो दिसू नये, याचे आम्हांस नवल वाटते.

‘मुलाबाळांसह’ ही गोष्टच प्रथम घेऊ. १९५५ पासून १९६७ पर्यंत ‘गनस्मोक’ शनिवारी रात्री दहा वाजता दाखवीत असत. रात्री दहाला सुरू होणारा कार्यक्रम शाळकरी मुलांसाठी योजलेला नसतो, हे समजण्यास फारशा संशोधनाची गरज नाही. ती प्रौढांची मालिका होती आणि तशीच तिची जाहिरात होत असे. १९६७ मध्ये ती बंद करण्याचे ठरले, ओरड झाली, निर्णय फिरला, आणि मग तिला सोमवारी संध्याकाळी साडेसातची वेळ मिळाली. कुटुंबासह पाहिल्याच्या ज्या आठवणी सांगितल्या जातात, त्यांतील पुष्कळशा या दुसऱ्या आयुष्यातील आहेत. दरम्यान मालिका अर्ध्या तासाची एका तासाची झाली होती (१९६१), काळ्यापांढऱ्याची रंगीत झाली होती (१९६६), चेस्टर जाऊन त्याच्या जागी फेस्टस हा विनोदी गावंढळ आला होता, आणि जुने अर्ध्या तासाचे भाग ‘मार्शल डिलन’ असे निराळे नाव देऊन पुनःपुन्हा दाखविले जात होते. पुढे तर, पडद्यावरील हिंसेविरुद्ध लोकमत उसळल्यावर, प्रत्येक भागाच्या आरंभी होणारे ते सुप्रसिद्ध पिस्तुलांचे द्वंद्वही काढून टाकले आणि त्या जागी मार्शल घोड्यावरून दौडत जात आहे एवढेच दृश्य ठेवले. वीस वर्षांतील या सगळ्या स्थित्यंतरांचा काला करून स्मरणाने एकच एक ‘गनस्मोक’ बनविली आहे. तशी मालिका कधी कोणी निर्माण केलीच नव्हती.

आता मार्शलच्या पिस्तुलाने होणाऱ्या न्यायाची कथा पाहू. पहिल्या दिवशीचा पहिला भाग घ्या. त्याची प्रस्तावना करण्यास खुद्द जॉन वेन पडद्यावर आला होता. तेव्हा आता एका अजिंक्य वीराचे दर्शन घडणार, असेच कोणासही वाटेल. घडते ते असे की, डॅन ग्रॅट नावाचा एक मारेकरी डॉजमध्ये येतो, मार्शल त्यास पकडावयास जातो, आणि ग्रॅट त्याच्यावर गोळी झाडून त्यास रस्त्यावर लोळवितो. मालिकेचा नायक मालिकेच्या पहिल्याच कथेत हरतो! पुढे अंथरुणात पडल्या पडल्या विचार करून तो असा शोध लावतो की, ग्रॅटचा हात चपळ असला तरी नेम चांगला नाही. म्हणूनच तो समोरच्यास अगदी जवळ येऊ देतो आणि मग पिस्तूल उपसतो. दुसऱ्या खेपेस मार्शल दूर उभा राहतो आणि जिंकतो. येथे शौर्याचा विजय कोठे आहे? अंतराचा हिशेब आहे. पिस्तुलाने न्याय होतो असे ज्यास सांगावयाचे आहे तो लेखक आरंभच असा करणार नाही.

हा लेखक म्हणजे जॉन मेस्टन. नॉर्मन मॅकडोनेल या निर्मात्याबरोबर त्याने ‘गनस्मोक’ प्रथम १९५२ साली रेडिओसाठी उभी केली. रेडिओवर ती १९६१ पर्यंत चालली, आणि दूरचित्रवाणीवरील आरंभीच्या वर्षांतील कथा बहुतांशी तिच्यातूनच घेतल्या होत्या. रेडिओवरील मार्शल विल्यम कॉनरॅड हा होता. त्याचा आवाज असा की, ऐकणाऱ्यास त्या मनुष्याने फार पाहिले आहे आणि जे पाहिले ते त्यास आवडले नाही, असे तत्काळ कळावे. पण त्याचे शरीर स्थूल. पडद्यावर वीर शोभेल असे नव्हे. म्हणून आवाज देणारा मागे राहिला आणि साडेसहा फुटांहून उंच आर्नेस पुढे आला. किटीचेही तसेच. गुत्त्यातील ही बाई पोटासाठी काय करते याविषयी रेडिओच्या निर्मात्यांना संकोच नव्हता. दूरचित्रवाणीने तिला गुत्त्याची भागीदारीण केले आणि तिच्या अंगावर भारी पोशाख चढविला. म्हणजे स्मरणभक्तांच्या आधी कंपनीनेच सफाईला आरंभ केला होता, हे आम्ही मान्य करतो. तथापि मेस्टनची कथा इतकी कडू होती की, एवढी साखर घालूनही तिची चव गेली नाही.

आमच्या मते या मालिकेतील उत्तम कथांपैकी एक ‘द केबिन’ ही आहे. १९५८ च्या आरंभी ती दाखविली गेली. बर्फाच्या वादळात सापडलेला मार्शल एका झोपडीचा आश्रय घेतो. आत दोन दरोडेखोर आहेत आणि एक मुलगी आहे. त्या दोघांनी तिच्या बापास ठार मारले आहे आणि तिला आपल्या ताब्यात ठेवले आहे. तिच्यावर काय ओढवले ते स्पष्ट शब्दांत सांगितलेले नाही, पण प्रेक्षकास शंकाही राहत नाही. मार्शल त्या दोघांस मारतो. स्मरणभक्तांच्या हिशेबाप्रमाणे येथे गोष्ट संपावयास हवी. वाईट ते मेले, मुलगी सुटली, न्याय झाला. परंतु मेस्टनची गोष्ट येथून पुढे खरी सुरू होते. आता या मुलीने जावे कोठे? कोणी भला मनुष्य यापुढे आपणास पत्करील, यावर तिचा विश्वास नाही. ज्या गुत्त्यांतून पुरुषांची करमणूक करून बायका पोट भरतात, तोच मार्ग तिला आपल्यापुढे उरलेला दिसतो. मार्शल चार समजुतीचे शब्द बोलतो. ते शब्द खोटे नाहीत. पण तिच्या काही उपयोगाचेही नाहीत, हे तिला समजते, त्यालाही समजते, आणि ती आपल्या वाटेने निघून जाते. अर्ध्या तासाच्या जाहिरातबाज करमणुकीत इतका निष्ठुर शेवट करण्याचे धैर्य आमच्या पाहण्यात फार थोडे आले आहे. ज्यास हा भाग पाहूनही ‘त्या काळी सारे कसे सरळ होते’ असे म्हणावेसे वाटते, त्याने तो पाहिलेला नाही. त्याने आपल्या लहानपणच्या दिवाणखान्याकडे पाहिले आहे.

मालिकेतील आरंभीच्या कित्येक भागांची सुरुवातही ध्यानात घेण्यासारखी आहे. मार्शल बूट हिल या टेकडीवरील स्मशानात एकटाच हिंडत असतो आणि तेथे पुरलेल्या माणसांविषयी मनाशी बोलत असतो. यांतील काही त्याच्याच हातचे. ज्या अधिकाऱ्याच्या कामाचा पहिला देखावा स्मशानात मांडलेला आहे, त्याचे काम यशस्वी आहे असे मालिकेचे म्हणणे होते काय?

याउलट दुसरा एक पक्ष आहे. ही सारी जातच गोऱ्यांच्या अहंकाराची, म्हणून तिच्याकडे पाहूच नये, असे तो म्हणतो. त्याच्या आरोपात तथ्य पुष्कळ आहे. टेक्सासमधून गुरे हाकणाऱ्यांत, सामान्यतः दिल्या जाणाऱ्या अंदाजाप्रमाणे, चारांत एक मनुष्य कृष्णवर्णीय होता. मेक्सिकन गुराखी तर या धंद्याचे गुरूच, काउबॉयच्या हातातील दोरीचे नावसुद्धा स्पॅनिश भाषेतून आलेले. पडद्यावरील डॉजमध्ये ही माणसे शोधावी लागतात. कोमांची आईचा मुलगा म्हणून जो क्विंट हा लोहार १९६२ मध्ये मालिकेत आला, ती भूमिका बर्ट रेनॉल्ड्सला दिली होती. मूलनिवासी नट त्या वेळी मिळत नव्हते अशी सबब कोणी सांगू नये; ‘लोन रेंजर’ या १९४९ मध्ये सुरू झालेल्या मालिकेत टोंटोचे काम करणारा जे सिल्व्हरहील्स हा मोहॉक जमातीचाच होता. टोंटोच्या तोंडी जी मोडकी भाषा घातली, ती मात्र लेखकांची. हा सगळा आरोप आम्हांस मान्य आहे. परंतु आरोपपत्र तयार करण्यासाठीही कागदपत्रे वाचावी लागतात. आणि या पक्षाने ती वाचलेली नसतात. एकाने पाहून पाहिले नाही, दुसऱ्याने न पाहताच पाहिले, एवढाच दोघांत भेद.

असो. ही चूक एखाद्या जुन्या मालिकेपुरतीच असती तर आम्ही एवढी शाई खर्च केली नसती. म्हातारपणी कोणी आपल्या कपाटातील पेटीला देव मानले तर कोणाचे काय बिघडते? बिघडते ते असे की, ही स्मरणे आता दिवाणखान्यात बसून राहत नाहीत. ‘आमच्या पूर्वजांच्या कमरेला पिस्तूल होते, म्हणूनच त्यांच्या गावात शिस्त होती’ हे वाक्य अमेरिकेतील शस्त्रविषयक वादात प्रमाणासारखे वापरले जाते. त्याचे मूळ इतिहासात शोधू गेल्यास सापडत नाही. पडद्यावर मात्र सापडते. तेथील डॉजमध्ये रस्त्यावरचा जवळजवळ प्रत्येक पुरुष पिस्तूल लावून फिरतो.

खरे डॉज १८७२ साली वसले. प्रथम म्हशीसारख्या त्या रानगव्यांची कातडी, आणि ते रानगवे मारून संपविल्यावर टेक्सासची गुरे, असा त्याचा व्यापार. टेक्सासच्या गुरांबरोबर येणाऱ्या तापाने आपली गुरे मरतात म्हणून कॅन्ससने १८८५ मध्ये त्यांना बंदी केली, आणि गुरांचा बाजार म्हणून डॉजचे महत्त्व संपले. उण्यापुऱ्या दहा वर्षांचे हे वैभव. या दहा वर्षांत तेथील दुकानदारांना दोन गोष्टी हव्या होत्या : काउबॉयचा पैसा गावात यावा आणि त्याची गोळी गावात सुटू नये. म्हणून त्यांनी काय केले? गावात हत्यार घेऊन फिरण्यास त्यांनी मनाई केली. फ्रंट स्ट्रीटचे त्या दशकाच्या अखेरचे एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. धुळीचा रुंद रस्ता, लाकडी इमारती, आणि ऐन मध्यभागी एक फलक : हत्यार बाळगण्यास सक्त मनाई. फलकाच्या खालच्या भागात एका औषधी मद्याची जाहिरात आहे. म्हणजे कायदाही व्यापाऱ्याच्या खांद्यावर बसूनच उभा होता. बाहेरून येणाऱ्याने आपले पिस्तूल ठेवून द्यावे आणि जाताना परत घ्यावे, अशी रीत होती.

रॉबर्ट डिक्स्ट्रा या इतिहासकाराने १९६८ मध्ये ‘द कॅटल टाउन्स’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. अ‍ॅबिलीन, एल्सवर्थ, विचिटा, डॉज सिटी आणि कॅल्डवेल या कॅन्ससमधील गुरांच्या पाच बाजारपेठांत १८७० ते १८८५ या काळात झालेल्या मनुष्यवधांची त्याने मोजदाद केली. एकूण ४५ निघाले. पडद्यावर दर भागास एकच मृत्यू धरला तरी, वर्षास ३९ भाग या आरंभीच्या हिशेबाने, पाच गावांचा पंधरा वर्षांचा आकडा मार्शल डिलनचे एकटे गाव सव्वा वर्षाच्या आत गाठते! डिक्स्ट्राच्या आकड्यांवर पुढे असा आक्षेप निघाला की, ती गावे लहान होती. दर माणशी प्रमाण काढल्यास ४५ ही संख्या लहान राहत नाही. आक्षेप योग्य आहे. मात्र त्यामुळे स्मरणभक्तांचे काही साधत नाही. कारण ती गावे शांत असोत की रक्ताळ असोत, तेथील लोकांना स्वतःला त्यावर जो उपाय सुचला तो हत्यारे वाढविण्याचा नव्हता. ती काढून घेण्याचा होता.

आणि ती काढून घेणे हेच तेथील मार्शलचे नित्याचे काम होते. पडद्यावरचा डिलन हा संयुक्त संस्थानांच्या सरकारचा मार्शल. प्रत्यक्षात गावचा बंदोबस्त गावाने नेमलेला मार्शल पाहत असे. १८७८ मध्ये डॉजचा हा अधिकारी होता एड मास्टरसन, पुढे दंतकथेचा विषय झालेल्या बॅट मास्टरसनचा थोरला भाऊ, वय वर्षे २५. ९ एप्रिलच्या रात्री त्याने जॅक वॅग्नर नावाच्या एका झिंगलेल्या काउबॉयकडून पिस्तूल काढून घेतले आणि त्याच्या मुकादमाच्या हवाली केले. थोड्याच वेळात वॅग्नर पुन्हा हत्यारासह रस्त्यावर दिसला. एड ते घेण्यास पुन्हा पुढे झाला, झटापट झाली, आणि गोळी इतक्या जवळून सुटली की त्याच्या कपड्यांना आग लागली. तसाच तो रस्ता ओलांडून गेला आणि थोड्या वेळाने मरण पावला. द्वंद्व नाही, हात पसरून समोरासमोर उभे राहणे नाही. एक सरकारी नोकर नगरपालिकेचा नियम अमलात आणताना मेला. मेस्टनला ही घटना ठाऊक होती की नाही याची चौकशी आम्ही करीत बसत नाही. पण अंगाशी भिडलेल्या पिस्तुलापुढे कोणतीही चपळाई चालत नाही, हे त्याच्या मार्शललाही पहिल्याच रात्री शिकावे लागले होते.

जून २०२२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने न्यूयॉर्कचा, शंभराहून अधिक वर्षांचा, हत्यार बाळगण्यावर निर्बंध घालणारा कायदा रद्द केला आणि सांगितले की, असा कोणताही निर्बंध राष्ट्राच्या ऐतिहासिक परंपरेस धरून असला पाहिजे. पश्चिमेकडील प्रदेशांनी एकोणिसाव्या शतकात घातलेल्या बंदीचे कायदे न्यायालयापुढे मांडले गेले होते. तेथे वस्ती अगदी थोडी होती, कायदे फार काळ टिकले नाहीत, अशा कारणांनी बहुमताने त्यांस महत्त्व दिले नाही. न्यायमूर्तींनी मालिका पाहून निकाल दिला असे आम्ही मुळीच म्हणत नाही, आणि त्या निकालाच्या कायदेशीर बाजूचा विचार करण्याचे हे स्थळही नव्हे. आमचे म्हणणे इतकेच की, जेथे इतिहास हाच कायद्याचा कस ठरला आहे, तेथे नागरिकांच्या डोक्यात इतिहासाच्या जागी काय बसले आहे हा प्रश्न करमणुकीचा राहत नाही. मौज अशी की, पूर्वेकडील कायद्याशी तुलना करताना ज्या गावांची वस्ती थोडी म्हणून त्यांचे नियम बाजूस सारावयाचे, त्याच चिमुकल्या गावांच्या पुराणकथेवर साऱ्या राष्ट्राचा मर्दपणा उभा करावयाचा!

आता कोणी म्हणेल की, बिचाऱ्या म्हाताऱ्यांच्या आनंदात ही विद्वत्ता कशाला कालवता? आम्ही त्यांचा आनंद हिरावून घेऊ इच्छीत नाही. उलट तो त्यांनी अर्धवट घेतला आहे, अशी आमची तक्रार आहे. पहिल्या सहा वर्षांतील अर्ध्या तासाचे ते काळेपांढरे भाग क्रमाने लावावे, मध्ये उठू नये, आणि कथा संपल्यावर मार्शलच्या चेहऱ्याकडे क्षणभर पाहावे. तेथे विजय क्वचितच दिसतो. आपल्या नातवंडांना आजोबांनी ‘गनस्मोक’ दाखवावयाचीच असेल तर ती मुले जरा मोठी झाल्यावर ‘द केबिन’ दाखवावी, आणि त्या मुलीचे पुढे काय झाले असेल असे त्यांनी विचारले तर उत्तर देण्याचा प्रयत्न करावा.

खुद्द डॉज सिटीने काय केले, हेही सांगण्यासारखे आहे. मालिका लोकप्रियतेच्या शिखरावर असताना, १९५८ मध्ये, तेथील नगरपालिकेने एका रस्त्याचे जुने नाव बदलून त्यास ‘गनस्मोक स्ट्रीट’ असे नाव दिले, आणि त्या समारंभास पडद्यावरील मंडळी हजर राहिली. फ्रंट स्ट्रीटची लाकडी दुकाने नव्याने बांधून बूट हिलवर एक वस्तुसंग्रहालय थाटले आहे. उन्हाळ्यात प्रवासी तेथे येतात, आणि ज्या रस्त्यावर पिस्तूल बाळगण्याची मनाई होती त्याच्या त्या प्रतिकृतीत, ठरलेल्या वेळी, प्रवाशांसाठी पिस्तुलांची लढाई करून दाखवितात.